राज्य कामगार विमा कायद्यातील सुधारणा आणि वसई-विरारमधील लघुउद्योग

प्रस्तावना

मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग आणि पश्चिम रेल्वेचा लोहमार्ग यांच्या दरम्यान, वसई पूर्वेकडील वालीव, गोखिवरे, सातिवली, नवघर या परिसरात शेकडो लघुउद्योग गाळ्यांमधून चालतात. तारापूरप्रमाणे हे औद्योगिक विकास महामंडळाचे क्षेत्र नाही. वसाहती बहुतांशी खाजगी आहेत. प्लास्टिकच्या वस्तू, यंत्रांचे सुटे भाग, वेष्टन-साहित्य अशा मालाचे उत्पादन येथे होते. कामगारांची संख्या मागणीनुसार महिन्यागणिक बदलते. नेमक्या याच संख्येवर राज्य कामगार विमा योजनेची प्रयुक्ती अवलंबून असल्याने या कायद्यातील प्रत्येक बदल येथील उद्योजकाच्या हिशेबापर्यंत पोहोचतो.

कायद्याची घडण

प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याविषयी अहवाल सादर केला. त्यातूनच कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ आकारास आला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेचा प्रारंभ झाला. नावातील ‘राज्य’ हा शब्द शासनसंस्था या अर्थाने आहे. कायदा केंद्राचा असून वैद्यकीय सेवा मुख्यत्वे राज्य शासनामार्फत पुरविली जाते. या सेवेच्या खर्चाचा सात-अष्टमांश भाग महामंडळ आणि एक-अष्टमांश भाग राज्य शासन उचलते.

२०१० पूर्वी विजेवर चालणाऱ्या कारखान्यांना दहा व विजेविना चालणाऱ्यांना वीस कामगारांची मर्यादा होती. २०१० च्या दुरुस्तीने सर्व कारखान्यांसाठी ती दहा झाली. दुकाने व इतर आस्थापनांसाठी मात्र महाराष्ट्रात वीसची अट दीर्घकाळ टिकून राहिली. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आणि १९४८ चा अधिनियम तीत विलीन झाला. आता मर्यादा सरसकट दहाची आहे. धोकादायक स्वरूपाचे काम चालणारी आस्थापना एका कामगारावरही शासनाच्या अधिसूचनेने योजनेखाली आणता येते, तर दहापेक्षा कमी कामगार असणाऱ्यास स्वेच्छेने सहभागी होता येते.

दहावा कामगार

लघुउद्योजकाच्या दृष्टीने सर्वांत अवघड अट १९८९ च्या दुरुस्तीने आली. एकदा कायदा लागू झाला की पुढे कामगारांची संख्या घटली तरी तो लागूच राहतो. संहितेनेही हे तत्त्व सोडलेले नाही. दिवाळीपूर्वीच्या हंगामात एखाद्या गाळ्यात बारा माणसे असतील आणि नंतर सातच उरली, तरी त्या सातांची वर्गणी भरणे भागच असते. परिणामी काही उद्योजक नववा कामगार घेतल्यावर थांबतात, तर काही शेजारचा गाळा कुटुंबातील दुसऱ्या व्यक्तीच्या नावे चालवितात. दुसरा उपाय वाटतो तेवढा सुरक्षित नाही. व्यवस्थापन, वित्तपुरवठा आणि कामाची साखळी एकच असेल, तर दोन्ही घटक मिळून एकच आस्थापना मानली जाऊ शकते.

ठेकेदाराच्या हजेरीपटावर माणसे दाखविल्यानेही सुटका होत नाही. हैदराबादच्या रॉयल टॉकीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये चित्रपटगृहातील उपाहारगृह व सायकलतळ चालविणाऱ्या ठेकेदारांचे कामगारही चित्रपटगृहाचेच कर्मचारी मानले. वर्गणी भरण्याची अंतिम जबाबदारी मुख्य मालकाची असते. शिवाय कामगाराचा हिस्सा त्या-त्या वेतनातून वेळीच कापला नाही, तर तो मागाहून वसूल करता येत नाही. थकबाकीवर द.सा.द.शे. १२ टक्के व्याज लागते ते वेगळेच.

वर्गणीचा हिशेब

१९९७ पासून मालकाचा हिस्सा वेतनाच्या ४.७५ टक्के व कामगाराचा १.७५ टक्के होता. १ जुलै २०१९ पासून हे दर अनुक्रमे ३.२५ व ०.७५ टक्के झाले. दरमहा १५,००० रुपये वेतनाचे बारा कामगार असलेल्या कारखान्याचे उदाहरण घेतल्यास मालकाचा मासिक भार ८,५५० रुपयांवरून ५,८५० रुपयांवर आला. महिन्याला २,७०० रुपयांची ही बचत लहान गाळ्याला नगण्य नाही.

या भाराच्या बदल्यात मालकाला काय मिळते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रेसवर काम करताना बोटे गमावणाऱ्या कामगाराला, तो विमाधारक नसेल, तर १९२३ च्या भरपाई कायद्यानुसार (तोही आता संहितेत समाविष्ट आहे) एकरकमी भरपाई मालकाने द्यावयाची असते. विमाधारक कामगाराच्या बाबतीत ही जबाबदारी महामंडळाकडे जाते. कायमच्या अपंगत्वासाठी त्याला आयुष्यभर मासिक लाभ मिळतो आणि तोच दावा मालकाविरुद्ध स्वतंत्रपणे करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ही बाब स्पष्ट केली. अपघाताच्या लाभासाठी किमान दिवसांची वर्गणी लागत नाही. कामाच्या पहिल्या दिवशीच्या इजेलाही संरक्षण असते. मालकाने नोंदणीच केली नसेल, तर महामंडळ लाभ देऊन तो खर्च मालकाकडून वसूल करू शकते. अशा वेळी वाचविलेली वर्गणी फार महाग पडते.

१ जुलै ते ३१ डिसेंबर २०२५ या मुदतीची ‘स्प्री’ योजना याच नोंदणीबाह्य उद्योगांसाठी होती. तीत नव्याने नोंदणी करणाऱ्याकडून मागील काळाची वर्गणी वा जुने अभिलेख मागितले जाणार नव्हते.

वेतनमर्यादा आणि वैद्यकीय सेवा

वेतनाची मर्यादा २०१० मध्ये १५,००० आणि १ जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये करण्यात आली. महागाई भत्त्याबरोबर वेतन वाढत गेले, की कुशल कामगार या मर्यादेबाहेर पडू लागतो आणि त्याच्या अपघाताची जोखीम पुन्हा मालकावर येते. संहितेतील वेतनाच्या नव्या व्याख्येने घरभाडे भत्ता व अतिकालिक भत्ता एकूण मोबदल्याच्या निम्म्या मर्यादेपर्यंत वगळले जातात. त्यामुळे एकूण पगार २१,००० हून अधिक असलेले काही कामगार योजनेत परत येण्याची शक्यता आहे.

कामगारांची तक्रार वर्गणीपेक्षा सेवेबद्दल अधिक असते आणि ती रास्त आहे. योजनेची मोठी रुग्णालये कांदिवली, अंधेरी, मुलुंड, ठाणे येथे आहेत. १७ डिसेंबर २०१८ च्या आगीनंतर अंधेरीची आंतररुग्ण सेवा दीर्घकाळ बंद राहिली. विरार वा नालासोपारा येथील रोजंदारी कामगाराला एका तपासणीसाठी तिकडे जाणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडविणे. या कारणाने काही उद्योजक कामगारांसाठी खाजगी विमा कंपनीची सामूहिक आरोग्य पॉलिसीही घेतात. तिच्यामुळे कायद्यातील वर्गणीतून सूट मात्र मिळत नाही.