गावठी कोंबडीला काही लागत नाही?

परसात आठ-दहा कोंबड्या पाळायच्या म्हटलं की सल्ला द्यायला अख्खी आळी गोळा होते. सगळ्यांचा सूर एकच: गावठी आहे, तिला काय लागतं? सकाळी खुराडं उघडायचं, संध्याकाळी डालायचं, मधल्या वेळात ती तिचं बघते. हे निम्मं खरं आहे. गावठी कोंबडी उकिरडा उकरून किडे, सांडलेलं धान्य, कोवळा पाला शोधते. घार दिसली की पिलांना पंखाखाली घेते, ऊन चढलं की बांधाची सावली गाठते. यातलं काहीच तिला शिकवावं लागत नाही. पण विषाणू चोचीनं टिपता येत नाही, अंधारात तिला धड दिसत नाही आणि अंड्याच्या कवचाला लागणारं कॅल्शियम उकिरड्यावर पुरेसं सापडत नाही. एवढ्या मोजक्या गोष्टी माणसानं करायच्या असतात आणि बहुतेक घरांत नेमक्या त्याच राहून जातात.

‘गावठीला रोग होत नाही’

परसातल्या पक्ष्यांचं सर्वांत मोठं नुकसान या एका समजुतीनं होतं. गावात अधूनमधून मानमोडीची साथ येते. मान वळते, पंख लोंबतात, हिरवट पातळ हगवण लागते, पक्षी तोंड उघडून श्वास घेतो आणि चार-सहा दिवसांत खुराडं रिकामं होतं. हाच राणीखेत रोग. इंग्रज अमदानीत, 1920 च्या दशकाच्या अखेरीस, कुमाऊँतल्या राणीखेतला तो नोंदवला गेला म्हणून त्याला ते नाव पडलं. तो गावठी आणि सुधारित जात असा भेद करत नाही. मग ‘गावठी काटक’ ही प्रसिद्धी आली कुठून? साथीत मेलेल्या मेल्या, उरलेल्या दोघी-तिघी डोळ्यांपुढे राहिल्या आणि सगळ्या जातीचा काटकपणा आपण त्या दोघी-तिघींवरून ठरवला.

राणीखेतला औषध नाही. तो विषाणूजन्य आहे, त्यामुळे प्रतिजैविकाचा त्याच्यावर काहीही परिणाम होत नाही. तरी साथ आली की घरातल्या माणसांच्या उरलेल्या गोळ्या कुटून पाण्यात घातल्या जातात, कुणी लसूण-हळद चारतं. यातून एखादा पक्षी वाचलाच तर तो स्वतःच्या अंगच्या ताकदीवर वाचलेला असतो, श्रेय मात्र गोळीला जातं.

उपाय एकच, लस, आणि तीही आधी. मानमोडी सुरू झाल्यावर दवाखान्यात लस मागायला जाणारे पुष्कळ. लस हे औषध नव्हे. अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला तिला वेळ लागतो आणि ज्याला रोग लागलाच आहे त्याच्या ती उपयोगी पडत नाही. पिलू पाच-सात दिवसांचं झालं की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत टाकायचा. पुढे साधारण आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी ही लस कातडीखाली टोचून द्यायची. हा क्रम उलटा करायचा नाही. आर-टू-बी जास्त तीव्र असते, कोवळ्या पिलांना ती मानवत नाही. पुढचे डोस कधी ते आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावं.

खरी अडचण पुढेच आहे, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. लसीची बाटली शंभर-दोनशे पक्ष्यांची असते आणि आपल्याकडे असतात बारा. शिवाय ती 2 ते 8 अंश तापमानात ठेवावी लागते आणि एकदा द्रावणात मिसळली की एक-दोन तासांत संपवावी लागते. बारा पक्ष्यांसाठी कोण बाटली फोडणार? म्हणून हे काम एकट्यानं करण्याचं नाही. आळीतल्या दहा-पंधरा घरांनी मिळून एक दिवस ठरवावा, बर्फ घातलेल्या थर्मासातून लस आणावी आणि पहाटे किंवा दिवे लागल्यावर, म्हणजे कोंबड्या डाललेल्या असताना, घरोघरी फिरून ती देऊन टाकावी. दिवसा मोकाट कोंबडी धरायला जो धावला आहे त्याला वेळ का सांभाळायची ते सांगावं लागत नाही. पुण्यात औंधला राज्य शासनाची पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था आहे. पशुपक्ष्यांच्या लसी तिथे तयार होतात. मोडते ती साखळी तिथून आपल्या अंगणापर्यंतची, आणि तिचा शेवटचा दुवा शेजाऱ्यांनीच जोडायचा आहे.

साथीच्या दिवसांत आणखी एक वाईट सवय दिसते. एक-दोन मेल्या की बाकीच्या धडधाकट दिसणाऱ्या घाईघाईनं आठवडी बाजारात नेऊन विकायच्या. रोगाची लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बरेचदा पाच-सहा दिवस जातात, कधी दोन आठवडेही. त्यामुळे बाजारातून आणलेली तरतरीत कोंबडी शेजारच्या गावातला रोग घेऊन येते. नवा पक्षी आणला तर दोन-तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवावा, त्याचं पाण्याचं भांडंही वेगळं असावं, आणि खाणं-पाणी आधी जुन्या पक्ष्यांचं करून मग नव्याकडे जावं.

‘रात्री झाडावर बसतात, सुरक्षित असतात’

झाडावर बसण्याची उपजत ओढ त्यांना आहेच, पण रानमांजर, बोका आणि साप हेही झाड चढतात. कोंबडी अंधारात जवळजवळ आंधळी असते, हललीच तर फांदीवरून खाली पडते. रात्री खुराडं बंद हवं, आणि बंद म्हणजे घट्ट. मुंगूस आणि घूस अगदी लहान फटीतून शिरतात. बाजारात मिळणारी षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही; तो ती ओरबाडून फाडतो. चौकोनी बारीक भोकांची वेल्डेड जाळी महाग पडते, पण खुराड्याच्या खालच्या हातभर भागाला तरी तीच लावावी.

खुराड्यात हवा खेळती हवी. थंडी वाजेल म्हणून गोणपाटं लावून चहूबाजूंनी कोंडलेलं खुराडं सकाळी उघडलं की डोळ्यांत जे झोंबतं तो अमोनिया. रात्रभर तो कोंबड्यांच्या श्वासात असतो. मोठ्या पक्ष्याला पिसांचा कोट आहे, आपल्याकडची थंडी तो सहज काढतो. त्याला जड जातो तो उन्हाळा. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात, ती चोच उघडून धापा टाकत अंग थंड करते. विदर्भात मे महिन्यात पत्र्याच्या खुराड्यात दुपारी काय होत असेल याचा विचार करा. पत्र्यावर पेंढा किंवा पऱ्हाट्या, बाजूला ओलं गोणपाट आणि सावलीतलं गार पाणी दोन-तीनदा बदललेलं, एवढ्यानं बरंच निभतं.

थंडीची खरी काळजी पिलांच्या बाबतीत. आई नसलेल्या पिलांना पहिल्या आठवड्यात 32 ते 35 अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी ती कमी करायची. थर्मामीटर नसला तरी चालतं. दिव्याखाली पिलं एकमेकांवर चढून बसली तर गारठली आहेत, दिव्यापासून लांब कडेला पळाली तर उकडतंय, सगळीकडे सारखी विखुरली असतील तर ठीक. खालचं तूस ओलं होऊ देऊ नये. ओलसर तुसात रक्ती हगवणीचे परजीवी पोसले जातात आणि महिना-दीड महिन्याची पिलं त्यात दगावतात.

‘कोंबडा नाही तर अंडं नाही’

कोंबडी अंडं कोंबड्याशिवाय देतेच. कोंबडा लागतो तो पिलांसाठी. शहरात बंगल्याच्या मागे चार कोंबड्या पाळणाऱ्यांनी हे मुद्दाम लक्षात घ्यावं, कारण पालिकेचे नियम आणि शेजाऱ्यांची झोप या दोन्ही गाड्या बहुधा कोंबड्यावरच अडतात. ते आरवणंही उजेडावर अवलंबून नसतं. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवून दिलं की सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही शरीरातल्या घड्याळानुसार पहाटेच्या सुमारास आरवतात. कोंबडं झाकून उजाडायचं राहत नाही हे आपल्याला ठाऊकच होतं; त्याचं आरवणंही राहत नाही.

पिलं हवी असतील तर लांबट अंड्यातून नर आणि गोल अंड्यातून मादी निघते, ही समजूतही सोडावी. पिलू नर की मादी हे कोंबडीकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं, कवचाच्या आकाराशी त्याचा संबंध नाही. बारा पिलं निघाली तर त्यांत साधारण निम्मे नर असणार हे धरूनच हिशेब मांडावा. तसंच अंड्यात रक्ताचा ठिपका दिसला म्हणजे आत पिलू धरलं होतं असंही नाही. अंडं तयार होताना बारीक रक्तवाहिनी फुटली की असा ठिपका येतो. अंडं खायला चालतं.

‘रोज एक अंडं’

ही अपेक्षा पोल्ट्रीतल्या संकरित कोंबडीकडून आलेली आहे. गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते, मग खुडूक होते, रवणावर बसते, एकवीस दिवसांनी पिलं काढते, ती वाढवते आणि मग पुन्हा अंड्यावर येते. वर्षाकाठी पन्नास-साठ अंडी हा तिच्या मानानं चांगला हिशेब. दिवस लहान झाला की अंडी आणखी घटतात, कारण भरपूर अंडी देण्यासाठी तिला चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो. पिसं झडण्याच्या काळात तर अंडी जवळजवळ थांबतात. तिच्या अंगातली प्रथिनं तेव्हा नव्या पिसांकडे वळलेली असतात. हा आजार नव्हे.

खुडूक कोंबडीला पाण्यात बुडवणं, नाकपुडीतून पीस आरपार घालणं असले प्रकार अजून चालतात. ते क्रूर आहेत आणि त्यांची गरजही नाही. तळाला जाळी असलेल्या, हवेशीर पिंजऱ्यात तिला तीन-चार दिवस खाण्यापाण्यासह ठेवलं की पोटाची ऊब उतरते आणि ती खुडूकपण सोडते. पण माझ्या मते परसात हा गुण मोडण्यापेक्षा वापरावा. वीज गेली तर बंद न पडणारं उबवणी यंत्र दुसरं कुठे मिळणार? वनराज, ग्रामप्रिया, गिरिराज अशा सुधारित जाती अंडी-मांस जास्त देतात, पण त्या क्वचितच रवणावर बसतात. शिवाय त्या संकरातून तयार झालेल्या असल्यानं त्यांच्या अंड्यांतून घरीच काढलेल्या पुढच्या पिढीत तेच गुण टिकत नाहीत. वजनदार वनराज घार-कुत्र्यापासून पळण्यातही गावठीपेक्षा मागे पडते. घरात दोन-तीन गावठी कोंबड्या असल्या की पिलं काढण्याची सोय राहते.

अंड्याचं कवच पातळ येऊ लागलं की पहिला संशय कोंबडीवर न घेता खाण्यावर घ्यावा. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. नुसत्या कण्या आणि शिळा भात खाणाऱ्या कोंबडीनं ते आणायचं कुठून? हाडांतून, आणि तेही संपेपर्यंतच. कोकणात तिसऱ्या-कालवांच्या शिंपल्या कुटून घालतात, ती पद्धत उत्तम. खाल्लेल्या अंड्यांची कवचं वाळवून बारीक चुरून दिली तरी चालतात. त्यानं अंडी फोडून खायची खोड लागते हा समज चुराच केला तर खोटा ठरतो. प्रथिनांसाठी मडक्यात शेण आणि ओलं गोणपाट भरून ते पालथं ठेवायचं आणि जमलेली वाळवी पिलांपुढे झटकायची, ही जुनी युक्ती अजून कामाची आहे. एक गोष्ट मात्र कधीही देऊ नये: बुरशी आलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड. ‘आपल्याला नको, कोंबड्यांना टाका’ म्हणून जे दिलं जातं त्यातलं हे सर्वांत विषारी. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन कोंबडीचं यकृत खातं.

अंड्याच्या रंगाबद्दल दोनच शब्द. तपकिरी कवच जातीवर अवलंबून असतं, पोषणावर नाही. बलकाचा केशरी रंग हिरव्या पाल्यातून आणि मक्यातून येतो. आणि कडकनाथचं अंडं काळं नसतं. त्या कोंबडीची कातडी, मांस, हाडं काळसर असतात, अंडं मात्र फिकट बदामी. कुणी काळी अंडी विकायला आणली तर रंग कुठला ते त्यालाच विचारा. झाबुआच्या कडकनाथला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि पुढच्याच वर्षी सांगली जिल्ह्यात कडकनाथ पालनाच्या गुंतवणुकीत हजारो शेतकरी फसले. कोंबडी खरी होती, परताव्याची आश्वासनं खोटी.

‘बर्ड फ्लू आला, चिकन-अंडी बंद’

देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी 2006 मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आढळला. जानेवारी 2021 मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात पुन्हा. दोन्ही वेळा राज्यभर लोकांनी चिकन-अंडी सोडली. वास्तविक 70 अंशांवर नीट शिजवलेल्या मांसात किंवा अंड्यात हा विषाणू टिकत नाही. धोका आहे तो आजारी किंवा मेलेला पक्षी उघड्या हातानं हाताळण्यात, सोलण्यात, त्याची विष्ठा झाडण्यात. म्हणजे धोका गिऱ्हाइकापेक्षा पाळणाऱ्याला, आणि त्यातही खुराडं झाडणाऱ्या घरच्या बाईला जास्त.

तेव्हा परसात अचानक एकामागून एक पक्षी मरू लागले तर ते ओढ्यात फेकू नका, कुत्र्यापुढे टाकू नका, ‘अजून गरम आहे’ म्हणून कापूही नका. राणीखेत की बर्ड फ्लू हे डोळ्यांनी ओळखता येत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. मेलेला पक्षी उघड्या हातानं न उचलता झाकून ठेवा, मुलांना लांब ठेवा आणि त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. नमुना घेऊन झाल्यावर ते सांगतील तसं खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.