तोंडी की लेखी?

• केंब्रिज : पदवीसाठीच्या तोंडी वादविवादांचे महत्त्व १८व्या शतकात ओसरले. गणिताच्या ‘ट्रायपॉस’ या पदवी परीक्षेतून लेखी परीक्षा रुजली.

• ऑक्सफर्ड : १८००च्या नियमांनी पदवी परीक्षा कडक झाली, तरी सुरुवातीला ती मुख्यतः तोंडीच होती.

• इटली : विद्यापीठांत आजही अनेक विषयांची परीक्षा तोंडी, तीही सर्वांसाठी खुली. गुण ३० पैकी. उत्तीर्ण होण्यासाठी किमान १८.

• मुंबई : लंडनच्या धर्तीवर १८५७मध्ये विद्यापीठाची स्थापना. पदवी परीक्षा मुख्यतः लेखी, पीएच.डी.च्या प्रबंधानंतर मात्र तोंडी परीक्षा.

• फरक : उत्तरपत्रिका नाव झाकून तपासता येते, फेरतपासणीही होते. तोंडी परीक्षेत उपप्रश्नांतून घोकंपट्टी उघडी पडते. पण वेळ जास्त लागतो आणि बुजऱ्या विद्यार्थ्यावर अन्याय होऊ शकतो.

न्याय्य मूल्यमापनासाठी दोन्हींची जोड हवी.