पदवीवांचून महाविद्यालय

महाविद्यालय म्हणजे परीक्षा आणि परीक्षेच्या शेवटीं पदवी, अशी सांगड आपल्या मनांत पक्की बसलेली आहे. त्यामुळें ज्याला वाचन, हिशेब आणि रोजचा व्यवहारहि कष्टानें शिकावा लागतो, अशा मुलाला महाविद्यालयांत जाण्यासाठीं सरकारनें पैसा द्यावा, हें ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हें घडलें आहे. तें कसें घडलें, हें आज थोडक्यांत पाहूं.

तेथील 1975 सालच्या कायद्यानें अपंग मुलांना सरकारी शाळेंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क दिला. हा हक्क सामान्यतः वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत चालतो. प्रश्न उभा राही तो त्यापुढें. बरोबरीचीं भावंडें महाविद्यालयांत जात, आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या वांट्याला घरचा कोपरा येई, नाहीं तर खास अशा कामगारांसाठीं चालविलेल्या कामशाळेंतील बांधाबांधीचें काम. 1938 सालच्या मजुरीविषयक कायद्यांतील एका कलमानें अशा कामगारांना किमान वेतनाहून कमी मजुरी देण्याची मुभा मालकांना दिली होती.

महाविद्यालयाच्या वाटेवर पैशाचा मोठाच अडसर होता. गरजू विद्यार्थ्यांसाठीं तेथील मध्यवर्ती सरकार पेल अनुदान देतें. सेनेटर क्लेबोर्न पेल यांच्या नांवानें तें ओळखलें जातें, आणि तें परत फेडावें लागत नाहीं. परंतु तें मिळण्यासाठीं सामान्यतः शालान्त प्रमाणपत्र लागे, शिवाय विद्यार्थ्यानें पदवी किंवा प्रमाणपत्र देणाऱ्या अभ्यासक्रमांत नांव घातलेलें असावें लागे. बौद्धिक अक्षमता असलेल्या बहुतेक विद्यार्थ्यांना या दोन्ही अटी पुऱ्या करणें अशक्यच.

2008 सालीं उच्च शिक्षणाच्या कायद्यांत दुरुस्ती झाली, आणि या विद्यार्थ्यांपुरत्या त्या अटी सैल करण्यांत आल्या. मान्यताप्राप्त संक्रमण-अभ्यासक्रमांत शिकणाऱ्या गरजू विद्यार्थ्याला पेल अनुदान, एक पूरक अनुदान आणि शिकतां शिकतां काम करून मिळणारें वेतन, अशा तीन वाटांनीं साहाय्य मिळूं लागलें. सरकारी कर्ज मात्र यांत बसत नाहीं. अशा अभ्यासक्रमांना चालना देण्यासाठीं 2010 सालीं 27 संस्थांना प्रकल्प-अनुदानेंहि देण्यांत आलीं.

या पैशाबरोबर घातलेली अट विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. महाविद्यालयाच्या आवारांत एक वेगळी खोली काढून या मुलांना तेथें बसवून ठेवलें, तर अनुदान नाहीं. अभ्यासाचा निदान अर्धा भाग त्यांनीं इतर विद्यार्थ्यांच्या सहवासांत केला पाहिजे. इतिहासाच्या वा चित्रकलेच्या नेहमींच्या वर्गांत तीं बसतात. सहाध्यायी त्यांना साह्य करतात. आणि त्याच जोडीला पैसे संभाळणें, बसनें एकट्यानें प्रवास करणें, कामाच्या जागीं वेळेवर पोंचणें हेंहि शिकविलें जातें.

मध्यवर्ती सरकारच्या मागोमाग कांहीं घटक राज्येंहि पुढें आलीं. टेनेसी राज्यानें 2013 सालीं आपल्या लॉटरीच्या उत्पन्नांतून या विद्यार्थ्यांसाठीं शिष्यवृत्ति ठेवली. फ्लॉरिडानें 2016 सालीं स्वतंत्र कायदा करून आरंभीं 7,000 डॉलरपर्यंत शिष्यवृत्तीची सोय केली, आणि देखरेखीसाठीं सेंट्रल फ्लॉरिडा विद्यापीठांत एक केंद्र स्थापिलें. तरीहि खर्चाचें ओझें पुरतें उतरलेलें नाहीं. 2024-25 या वर्षीं पेल अनुदानाची कमाल मर्यादा 7,395 डॉलर होती. पुष्कळ महाविद्यालयांचें शुल्क याच्या कितीतरी पुढें जातें. दार उघडलें, पण उंबरठा अद्याप उंच आहे.

पदवी मिळणार नसेल तर हा खर्च कशाला, असें कोणी विचारील. त्याला उत्तर असें कीं, आपलीं इतर मुलें महाविद्यालयांतून आणतात तें सारें पदवीच्या कागदावर थोडेंच लिहिलेलें असतें? चार अनोळखी माणसांत वावरणें, मित्र जोडणें, आपला निर्णय आपण घेणें, हीहि कमाईच आहे. ज्याला या गोष्टी सहज येत नाहींत, त्याला तर त्यांच्या शिक्षणाची गरज अधिकच. स्वतःच्या मजुरीवर कांहीं अंशीं उभा राहणारा माणूस आणि जन्मभर दुसऱ्याच्या आधारानें जगणारा माणूस, यांतील अंतर आईबाप जाणतात. आपल्या पश्चात् या मुलाचें काय होईल, ही चिंता त्यांना रात्रंदिवस असते.

अमेरिकेंत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. पेल अनुदान तेथील नागरिकांना, तसेंच कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांना मिळूं शकतें. नोकरीच्या तात्पुरत्या परवान्यावर गेलेल्यांच्या मुलांना तें मिळत नाहीं.

आपल्या देशांत 2016 सालच्या दिव्यांग हक्क कायद्यानें सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत निदान 5 टक्के जागा, 40 टक्के वा अधिक दिव्यांगता असलेल्यांसाठीं राखल्या आहेत, आणि बौद्धिक अक्षमतेचा त्या कायद्यांत स्पष्ट समावेश आहे. परंतु पदवीच्या वर्गांतील प्रवेश सामान्यतः बारावीच्या परीक्षेवर अवलंबून असतो. जागा राखली आणि जिना तसाच ठेवला, तर त्या जागेपर्यंत पोंचणार कोण? नुसत्या राखीव जागांनीं भागत नाहीं. प्रवेशाच्या अटींचाहि विचार करावा लागतो, हा या परदेशी कायद्यापासून आपण घेण्याजोगा धडा आहे.