समुद्री गोगलगायी आणि तिसऱ्या: सहज मिळणाऱ्या अन्नाची मर्यादा

दक्षिण आफ्रिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर पिनॅकल पॉइंट नावाचे ठिकाण आहे. तेथील एका गुहेत माणसाने सुमारे १,६४,००० वर्षांपूर्वी खाल्लेल्या शिंपल्यांचे अवशेष सापडले आहेत. शेती, पशुपालन आणि होडी यांपैकी काहीही हाताशी नसताना माणसाने समुद्राकडून घेतलेले हे अन्न होते. ओहोटी लागली की खडकावर किंवा चिखलात उतरायचे आणि हाताला लागेल ते गोळा करायचे, ही रीत आजही जगाच्या अनेक किनाऱ्यांवर टिकून आहे. कोकणात व गोव्यात खाडीच्या तोंडाशी तिसऱ्या, खुबे आणि कालवे काढणाऱ्या स्त्रिया याच परंपरेतील आहेत.

या मृदुकाय प्राण्यांचे खाण्याच्या दृष्टीने दोन मुख्य गट पडतात. पाठीवर एकच, बहुधा पिळदार शंख वाहणाऱ्या समुद्री गोगलगायी हा पहिला गट होय. कॅरिबियन समुद्रातील क्वीन कॉन्क, युरोपातील व्हेल्क, चिलीतील लोको आणि जपानपासून कॅलिफोर्नियापर्यंत मोलाचा मानला जाणारा ॲबलोनी हे सर्व या गटात येतात. दुसऱ्या गटातील प्राणी दोन शिंपांच्या आत राहतात. आपल्याकडील तिसऱ्या, इटलीतील व्होंगोले आणि ब्रिटनमध्ये व्हिनेगर घालून खाल्ले जाणारे कॉकल ही त्याची उदाहरणे आहेत. दोन्ही गटांना माणसापासून पळून जाता येत नाही. त्यांच्या लोकप्रियतेचे कारण हेच आहे आणि त्यांच्यावरील संकटाचे मूळही हेच आहे.

कॉन्क: विरळ झाले की वाढ खुंटते

बहामा बेटांवर क्वीन कॉन्क हे केवळ खाद्य नसून देशाची ओळख मानले जाते. शंखाला वरच्या बाजूस लहानसे छिद्र पाडून आतील स्नायू सोडवला जातो आणि संपूर्ण प्राणी बाहेर ओढला जातो. मांस चिवट असल्याने ते ठेचतात किंवा बारीक चिरतात. कांदा, टोमॅटो, मिरची आणि लिंबाचा रस घालून केलेली कच्च्या कॉन्कची कोशिंबीर तेथे विशेष आवडीने खाल्ली जाते.

या प्राण्याची मादी एका वेळी लाखो अंडी घालते. त्यामुळे त्याची कमतरता कधी भासणार नाही, असा समज होणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात अंड्यांच्या संख्येपेक्षा नर-मादीची भेट अधिक महत्त्वाची ठरते. मासे किंवा कालवांप्रमाणे कॉन्क आपली बीजे पाण्यात सोडत नाही. नर व मादी यांना समुद्रतळावर सरपटत एकमेकांपर्यंत पोहोचावे लागते. बहामातील एका संशोधनाचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार एका हेक्टरात सुमारे ५० पेक्षा कमी प्रौढ प्राणी उरले, तर प्रजनन जवळजवळ थांबते. याचा अर्थ असा की, समुद्रात कॉन्क दिसत असूनही त्यांची पुढची पिढी जन्माला येत नाही. शिवाय प्रौढ होण्यास या प्राण्याला तीन ते पाच वर्षे लागतात.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने १९८०च्या दशकाच्या मध्यात कॉन्क काढण्यावर पूर्ण बंदी घातली. त्यानंतर कित्येक दशके उलटूनही तेथील कॉन्कची संख्या पूर्ववत झालेली नाही. वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात या प्राण्याचा १९९२ मध्ये समावेश झाला. त्यामुळे परवान्याविना त्याची निर्यात करता येत नाही. २०२४ मध्ये अमेरिकेने आपल्या कायद्यानुसार क्वीन कॉन्कला संकटग्रस्त प्रजातीचा दर्जा दिला.

ॲबलोनीची स्थितीही चिंताजनक आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील पांढरा ॲबलोनी २००१ मध्ये अमेरिकेच्या अतिसंकटग्रस्त जीवांच्या यादीत गेला. त्या यादीत आलेला तो पहिला अपृष्ठवंशी सागरी प्राणी होता. निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या मूल्यांकनानुसार जगातील ५४ ॲबलोनी प्रजातींपैकी २० प्रजातींना नामशेष होण्याचा धोका आहे.

चिलीचा प्रयोग

या पार्श्वभूमीवर चिलीचा अनुभव लक्षणीय ठरतो. लोको ही तेथील खडकाळ किनाऱ्यावरील मोठी गोगलगाय आहे. तिचे मांस बडवून मऊ करतात, उकडतात आणि मेयोनेझसोबत वाढतात. १९७०च्या दशकात आशियाई देशांना निर्यात सुरू झाली आणि लोकोवर पाणबुड्यांची झुंबड उडाली. १९८०च्या सुमारास वार्षिक उत्पादन २५,००० टनांच्या घरात गेले व त्यानंतर ते झपाट्याने घसरले. अखेर १९८९ ते १९९२ या काळात सरकारने लोको काढणे पूर्णपणे बंद केले.

केवळ बंदीने प्रश्न सुटणार नाही, हे याच सुमारास स्पष्ट झाले होते. किनारा सर्वांचा असेल, तर आज न काढलेली गोगलगाय उद्या दुसराच कोणी काढील, अशी प्रत्येकाची खात्री असते. १९९१च्या मत्स्यव्यवसाय कायद्याने या मूळ कारणाला हात घातला. समुद्रतळाचा ठरावीक पट्टा मच्छीमारांच्या संघटनेकडे सोपवण्याची तरतूद त्यात करण्यात आली. संघटनेने तज्ज्ञांच्या मदतीने साठ्याची मोजणी करावी, मंजूर झालेल्या संख्येइतकेच प्राणी काढावेत आणि पट्ट्याची राखण स्वतः करावी, अशी ही व्यवस्था आहे. लास क्रुसेस येथील सागरी संशोधन केंद्राने १९८२ पासून आपल्या किनाऱ्यावर माणसाला मज्जाव केला होता. तेथे लोकोंची संख्या वेगाने वाढल्याचे संशोधकांनी दाखवून दिले होते. मच्छीमारांच्या ताब्यातील अनेक पट्ट्यांतही खुल्या किनाऱ्यापेक्षा अधिक संख्येने व मोठ्या आकाराचे लोको आढळू लागले. मात्र चोरून होणारी लूट थांबलेली नाही. रात्री पहारा देण्याचा खर्च लहान संघटनांना जड जातो.

दोन शिंपांचा धोका

तिसऱ्या आणि त्यांच्या वर्गातील प्राण्यांचा प्रश्न वेगळा आहे. हे प्राणी पाणी गाळून त्यातील सूक्ष्म कण खातात. पाणी स्वच्छ असेल, तर त्यांचे मांसही निर्धोक असते. पाण्यात सांडपाणी मिसळले, तर त्यातील जिवाणू व विषाणू त्यांच्या शरीरात साठतात.

याची सर्वांत मोठी किंमत चीनमधील शांघाय शहराने मोजली. १९८८ च्या जानेवारी ते मार्च या काळात तेथे हिपॅटायटिस ‘ए’ या काविळीची साथ पसरली आणि सुमारे तीन लाख लोक आजारी पडले. सांडपाण्याने दूषित झालेल्या किनाऱ्यावरून आलेले शिंपले हे तिचे कारण होते. हे शिंपले उकळत्या पाण्यातून केवळ बुचकळून काढून खाण्याची पद्धत तेथे होती. शिंपा उघडली म्हणजे मांस शिजले, असे नसते. हा विषाणू नष्ट होण्यासाठी मांसाचा आतील भाग ९० अंश सेल्सिअस तापमानावर दीड मिनिट राहावा, असा निकष ब्रिटनसारख्या देशांत पाळला जातो. काही देशांत शिंपले विक्रीपूर्वी दोन दिवसांपर्यंत शुद्ध पाण्याच्या टाकीत ठेवतात. त्यामुळे जिवाणू बऱ्याच अंशी निघून जातात, विषाणू मात्र सहजासहजी जात नाहीत. विशिष्ट सागरी शैवालांतून आलेले विष तर शिजवूनही नष्ट होत नाही. म्हणूनच पाण्याची नियमित तपासणी आणि धोका आढळताच शिंपले काढण्यास मनाई, हाच खात्रीचा उपाय ठरतो.

धोका केवळ खाणाऱ्यालाच असतो असे नाही. ५ फेब्रुवारी २००४ रोजी इंग्लंडमधील मोरकॅम्ब उपसागरात कॉकल गोळा करणारे चिनी मजूर रात्रीच्या भरतीत अडकले. त्यात किमान २१ जणांचा मृत्यू झाला. तेथील विस्तीर्ण वाळूपट्ट्यावर भरतीचे पाणी झपाट्याने चढते. या मजुरांना त्या किनाऱ्याची माहिती नव्हती आणि त्यांना कामावर लावणाऱ्यांनी त्यांच्या सुरक्षेची तजवीज केली नव्हती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने मजूर पुरवणाऱ्या ठेकेदारांना परवाना बंधनकारक करणारा कायदा संमत केला.

अष्टमुडीचे उदाहरण

भारतात केरळमधील कोल्लम जिल्ह्यातील अष्टमुडी सरोवराचे उदाहरण उल्लेखनीय आहे. तेथील तिसऱ्यांना निर्यातीची बाजारपेठ मिळाल्यावर उपसा वाढला आणि १९९०च्या दशकात उत्पादन घटले. त्यानंतर केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या सल्ल्याने प्रजननाच्या काळात, डिसेंबर ते फेब्रुवारी, तिसऱ्या काढणे बंद ठेवण्याचा नियम झाला. लहान तिसऱ्या निसटून जातील अशा आसाची जाळी वापरणेही आवश्यक ठरले. २०१४ मध्ये या मत्स्यव्यवसायाला मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचे शाश्वत मासेमारीचे प्रमाणपत्र मिळाले. हा मान मिळवणारा तो भारतातील पहिला मत्स्यव्यवसाय होता.

अर्थात, जाळीचा आस ठरवून सरोवराचे पाणी स्वच्छ राहत नाही आणि गोड्या-खाऱ्या पाण्याचा तोलही सांभाळला जात नाही. काठावरील वस्ती, कारखाने आणि नदीवरील बांधकामे यांचा परिणाम तिसऱ्यांवर होतच राहतो. मच्छीमाराने तीन महिने हात आवरला, तरी उरलेली जबाबदारी काठावर राहणाऱ्या प्रत्येकाकडे येते. कोकणातील आणि गोव्यातील खाड्यांनाही हे तितकेच लागू आहे. तेथील घरांत नारळ आणि कोकम घालून शिजणाऱ्या तिसऱ्यांची एकशिपी पुढच्या पिढीच्या ताटातही असेल की नाही, हे बऱ्याच अंशी त्या पाण्यावर अवलंबून राहील.