नाव तेच, रूळ वेगळे

२०२३च्या जूनमध्ये जालना जिल्ह्यातील एका शाळेच्या गच्चीवर आम्ही पर्जन्यमापक बसवला. त्याच्या नोंदी मोबाइलच्या जाळ्यातून पाठवण्याचे काम एका तळहाताएवढ्या लिनक्स संगणकाकडे होते. तो इतका अशक्त, की प्रोग्राम त्याच्यावर बांधायला रात्र गेली असती. म्हणून तो मी माझ्या लॅपटॉपवर बांधायला घेतला. एका जातीच्या यंत्रावर दुसऱ्या जातीच्या यंत्रासाठी प्रोग्राम तयार करणे, याला क्रॉस-कंपायलिंग म्हणतात. लॅपटॉपचा प्रोसेसर इंटेलचा, छोट्याचा एआरएम घराण्यातला. दोघांची यंत्रभाषा वेगळी.

प्रोग्राम सगळी कामे स्वतः करत नाही. आमचा प्रोग्राम माहिती पाठवण्यासाठी ‘कर्ल’ या तयार लायब्ररीवर अवलंबून होता आणि ती कर्ल पुन्हा ‘ओपनएसएसएल’वर. सुटे भाग जोडणारा लिंकर म्हणाला, कर्ल सापडत नाही. लॅपटॉपवर तर ती होती! मी ती पुन्हा बसवली, पुन्हा तेच. खरे कारण वरच्याच ओळीत होते: ‘विसंगत म्हणून वगळली.’

जालन्यावरून जाणारा लोहमार्ग १९९०च्या दशकात मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला. १००० मिलिमीटर रुळांवरचा डबा १६७६ मिलिमीटरच्या रुळांवर कसा चालणार? दोन्हींना डबाच म्हणतात, एवढेच. माझी कर्ल इंटेलची होती.

मग मी एआरएमसाठी बनलेल्या लायब्रऱ्या मिळवल्या. प्रोग्राम बांधला गेला, पण छोट्या संगणकावर चालेना. त्याच्याकडे जीलिबसी ही मूळ लायब्ररी २.३१ आवृत्तीची होती, प्रोग्राम मागत होता २.३४. जुन्या जीलिबसीवर बांधलेला प्रोग्राम सहसा नव्या जीलिबसीवर चालतो. उलटे होईलच असे नाही.

उपाय सोपा निघाला. छोट्या संगणकातल्याच लायब्रऱ्या आणि त्यांच्या हेडर फाइली लॅपटॉपवर एका वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवल्या आणि ‘फक्त इथेच शोध’ असे कंपायलरला बजावले. अशा फोल्डरला सिसरूट म्हणतात. लायब्रऱ्यांचे पत्ते सांगणाऱ्या ‘पीकेजी-कॉन्फिग’लाही तेच सांगावे लागते, नाहीतर तो लॅपटॉपचेच पत्ते देतो. एक खोडी तरीही उरली. उतरवलेल्या काही फाइली म्हणजे नुसते दुवे होते आणि ते लॅपटॉपच्याच मूळ फोल्डरकडे बोट दाखवत होते. ते सिसरूटच्या आत वळवले.

वर्गात करून पाहण्याजोगे एक: लिनक्सवर ‘फाइल’ ही आज्ञा एखाद्या लायब्ररीवर चालवा. ती कोणत्या प्रोसेसरसाठी आहे, ते त्या ओळीत वाचता येते. मी ते चौथ्या दिवशी पाहिले. तोवर त्या वर्षीच्या पहिल्या दोन सरी नोंदीविनाच वाहून गेल्या होत्या.