कॉलेजांतील अभ्यास सोपा झाला काय?

कॉलेजांतील अभ्यास उत्तरोत्तर सोपा होत आला, असें आमच्या वयाचे लोक म्हणतात व पुराव्यादाखल जुन्या अभ्यासक्रमांच्या याद्या दाखवितात. पुण्यास १८२१ सालीं संस्कृत पाठशाळा निघाली. तिच्याच परंपरेंतून पुढें डेक्कन कॉलेज झालें. त्या काळच्या याद्या भारदस्त खऱ्या. पण यादीवरून नेमलें किती एवढेंच कळतें. विद्यार्थ्यांच्या हाताखालच्या सिद्धान्तकौमुदीच्या ज्या पोथ्या आम्हीं पाहिल्या, त्यांच्या समासांतील टिपणें (समास पानाचा, व्याकरणांतला नव्हे!) संधिप्रकरणांत दाट, कारकांत विरळ, तद्धितांत मुळींच नाहींत. तेव्हां तुलना करावयाची ती वाचलेल्या भागाची. संग्राहकांनीं अशा मळक्या पोथ्या व कॉलेजांतील जुन्या वह्या टाकूं नयेत. शेवटचें टिपण कोणत्या पत्रावर आहे, तेवढें सूचींत अवश्य नोंदवावें.