लाल दिव्याचा उपचार आणि घरांतील डोळे

अलीकडे सुशिक्षित घरांतून एक नवी वस्तु शिरली आहे. ती कोठें मुखवट्याच्या रूपानें येते, कोठें भिंतीला टेकवून ठेवण्याच्या फळीच्या, तर कोठें हातांत धरावयाच्या दांडीच्या. लाल प्रकाशाचा उपचार या नांवानें ती विकली जाते. सुनेनें चेहऱ्याच्या सुरकुत्यांसाठीं मागविलेली फळी दुसऱ्या आठवड्यांत नातवाच्या तारुण्यपीटिकांवर चालू होते, तिसऱ्या आठवड्यांत सासूबाई तिच्यापुढें गुडघे धरून बसतात, आणि चौथ्या आठवड्यांत घरांतील रांगतें मूल त्या लाल उजेडाकडे टक लावून पाहत असतें. एकत्र कुटुंबांत कोणतीहि वस्तु एकाची राहत नाहीं. चष्मा तेवढा अपवाद, आणि तोहि नेहमींच नव्हे! त्वचेसाठीं आणलेल्या यंत्राचा विचार म्हणूनच घरांतील प्रत्येकाच्या डोळ्यांच्या दृष्टीनें करावयास हवा.

हा उपचार म्हणजे जादू नव्हे, आणि निव्वळ थोतांडहि नव्हे. डेन्मार्कचे डॉ. नील्स फिन्सेन यांनीं एकवटलेल्या प्रकाशानें त्वचेच्या क्षयावर उपचार केले व त्याबद्दल त्यांस १९०३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें १९६७ च्या सुमारास बुडापेस्ट येथें डॉ. एंद्रे मेस्टर यांनीं केस काढलेल्या उंदरांवर लाल लेसरचा मंद प्रकाश सोडून पाहिला, तों त्या जागीं केस लवकर उगवूं लागल्याचें त्यांस दिसलें. आजच्या घरगुती यंत्रांत लेसरऐवजीं बहुधा लहान एल.ई.डी. दिवे असतात. त्यांतील कांहींचा प्रकाश ६३० ते ६६० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा, म्हणजे आपणांस दिसणारा लाल असतो. कांहींचा ८१० ते ८५० नॅनोमीटरचा, म्हणजे अवरक्त असतो, आणि तो डोळ्यांस जवळजवळ दिसत नाहीं. त्वचेस याचा किती गुण येतो याची चर्चा वैद्यांनीं करावी. आमचा प्रश्न डोळ्यांपुरता आहे.

आमच्या प्राचीनांनीं नेत्राची महती ओळखली होती. सुश्रुताच्या उत्तरतंत्राचे आरंभीचे १९ अध्याय नेत्ररोगांस दिलेले आहेत, आणि वाग्भटानें नेत्रास तेजोमय म्हटलें आहे. परंतु तेजोमय असलें तरी तेजाचा अतिरेक त्यास सोसत नाहीं, आणि याचें कारण डोळ्याच्या रचनेंतच आहे. सुमारें ४०० पासून १४०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश डोळ्याच्या पुढील पारदर्शक भागांतून आरपार जातो व आंतील भिंग त्यास मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, एकवटतें. शाळेंत असतांना भिंगानें ऊन गोळा करून कागद जाळण्याचा खेळ कोणीं केला नाहीं? तेंच भिंग येथें, आणि कागदाच्या जागीं दृष्टिपटल. त्यांतून या पटलास वेदनेची जाणीव नाहीं. ग्रहण उघड्या डोळ्यांनीं पाहणाऱ्यास त्या क्षणीं कांहींच दुखत नाहीं. कांहीं तासांनीं अक्षरांच्या मध्यभागीं काळा डाग दिसूं लागतो, तेव्हां त्यास कळतें.

निसर्गानें डोळ्यास राखणदार दिलेले आहेत. झगझगीत उजेड पडतांच पाव सेकंदाच्या आंत पापणी मिटते, बाहुली लहान होते, मान वळते. हे राखणदार दिसणाऱ्या प्रकाशालाच ओळखतात. अवरक्त किरण दिसतच नाहींत, तेव्हां पापणी कोणासाठीं मिटावी? ८५० नॅनोमीटरचा दिवा पेटलेला असतांहि अंधुक लालसर ठिपक्यासारखा दिसतो; म्हणून फळीवरचे अर्धे दिवे बंद पडले असें समजून त्यांत डोळा घालून पाहणारे गृहस्थ निघतात. तसें करूं नये. भट्टीपुढें आयुष्य घालविणाऱ्या कांचकाम करणाऱ्यांस लवकर मोतीबिंदु होतो, ही गोष्ट पश्चिमेकडील वैद्यांनीं फार पूर्वींच नोंदवून ठेविली आहे, व तिचें कारण हेच उष्ण अवरक्त किरण आहेत. घरच्या फळीचा प्रखरपणा भट्टीइतका नसतो हें खरें, परंतु ती रोज आणि तोंडाजवळ लावली जाते.

अंधाऱ्या खोलींत दिवा लावून बसण्याची एक हौस असते. अंधारांत तरुणाची बाहुली सुमारें ७ मिलिमीटर रुंद होते, लख्ख उजेडांत ती २ मिलिमीटरपर्यंत येते. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर हें बारापट अंतर होतें. म्हणजे अंधारांतून एकदम फळीपुढें येणाऱ्याच्या डोळ्यांत पहिल्या क्षणीं पुष्कळच अधिक प्रकाश शिरतो. उपचार उजेड असलेल्या खोलींतच करावा.

डोळे मिटले म्हणजे झालें, असेंहि पुष्कळांस वाटतें. उन्हांत डोळे मिटून बसल्यास काय दिसतें तें आठवावें. अंधार दिसत नाहीं, तांबडें दिसतें. पापणींतील रक्त इतर रंग बरेचसे अडवितें आणि नेमका लाल तेवढा आंत सोडतें. लाल दिव्यापुढें पापणी हा पडदा आहे, पण झिरझिरीत.

म्हणून डोळ्यांवर कांहीं घालणें आलें. येथें बाजारांत फार घोटाळा आहे. उन्हाचा काळा चष्मा दिसणारा उजेड कमी करतो, त्यामुळें बाहुली उघडते, आणि अवरक्त किरण मात्र त्यांतून खुशाल जाऊं शकतात. लाल कांचेचा चष्मा तर लाल प्रकाशास दारच उघडून देतो. अतिनील किरणांसाठीं केलेला चष्मा अवरक्तास अडवीलच असें नाहीं. चष्म्यावर कोणत्या लहरींसाठीं तो आहे हें नॅनोमीटरांत लिहिलेलें असावें, शिवाय ओ.डी. म्हणून एक आंकडा असतो. तो ४ असल्यास दहा हजारांतील एक भाग आंत जातो, २ असल्यास शंभरांतील एक. चेहऱ्यावर उपचार घेतांना पाहावयाचें कांहींच नसतें, तेव्हां प्रकाश मुळींच आंत न येणाऱ्या अपारदर्शक वाट्या डोळ्यांवर घट्ट बसविणें आम्हांस सर्वांत सोपें वाटतें. यंत्र घेतांना दुकानदारास आय.ई.सी. ६२४७१ या मानकाप्रमाणें त्याची परीक्षा झाली आहे काय, व तें कोणत्या गटांत आलें, हें विचारावें. त्या मानकांत निर्धोक, १, २ व ३ असे चार गट आहेत. दुसऱ्या गटांतील दिवा पापणी मिटेल या भरंवशावरच निर्धोक मानलेला असतो, हें ध्यानांत ठेवावें. उत्तर न देणाऱ्या दुकानदाराकडून वस्तु घेऊं नये.

जुलै २०१९ मध्यें न्यूट्रोजीना या छापाचा तारुण्यपीटिकांवरील प्रकाश-मुखवटा त्याच्या उत्पादकांनीं खबरदारी म्हणून बाजारांतून परत घेतला. त्यांत लाल व निळा असे दोन्ही प्रकाश होते. दृष्टिपटलाचे कांहीं आनुवंशिक विकार असलेल्यांस, तसेंच ज्या औषधांनीं डोळे प्रकाशास हळवे होतात तीं घेणाऱ्यांस, त्यापासून अपाय होण्याचा संभव आहे, अशी सूचना ऑस्ट्रेलियाच्या औषध-नियामकांनीं दिली होती. लाल प्रकाशापेक्षां निळा दृष्टिपटलास अधिक जाचक असतो, आणि पुष्कळ मुखवट्यांत तो असतो. तेव्हां लाल म्हणून घेतलेल्या यंत्रांत निळे दिवे आहेत काय तें पाहावें. पीटिकांसाठीं डॉक्सिसायक्लीन घेणारीं मुलें घरोघर आहेत. त्यांनीं वैद्यास विचारल्याशिवाय मुखवटा लावूं नये. आणि काचबिंदु, मधुमेहाचा डोळ्यांवरील परिणाम किंवा दृष्टिपटलाची झीज असलेल्या वडील माणसांनींहि.

आम्हांस सर्वांत अधिक काळजी मुलांची वाटते. चीनमध्यें लघुदृष्टि वाढूं नये म्हणून मुलांनीं ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाकडे, दिवसांतून दोनदां, तीन-तीन मिनिटें, डोळे लावून पाहावयाचें असा उपचार निघाला. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक परीक्षेंत चष्म्याचा आंकडा मंद गतीनें वाढल्याचें दिसलें, हें मान्य केलें पाहिजे. परंतु २०२३ सालीं बारा वर्षांच्या एका मुलीची हकीकत वैद्यकीय मासिकांत आली. पांच महिने हा उपचार केल्यावर तिच्या दोन्ही डोळ्यांची दृष्टि मंदावली, व दृष्टिपटलावर इजा आढळली. उपचार थांबविल्यावर सुधारणा झाली, ती अंशतः. २०२४ सालीं अमेरिकेंतील ह्यूस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनीं अशीं दोन यंत्रें मोजून पाहिलीं. तीन मिनिटांच्या पाहण्यांत तीं सुरक्षिततेच्या मर्यादेस पोंचतात किंवा ती ओलांडतात, असा निष्कर्ष निघाला. चीन सरकारनेंहि हीं यंत्रें अत्यंत कडक नियंत्रणाच्या तिसऱ्या वर्गांत घातलीं, आणि १ जुलै २०२४ पासून त्या नोंदणीविना विकण्यास बंदी केली. मुलांचा चष्मा वाढतो म्हणून कोणी हितचिंतक परदेशांतून असें यंत्र पाठवील, तर तें नेत्रवैद्यास दाखविल्यावांचून घरांत उघडूं नये. आणि चेहऱ्याची फळी मुलाच्या डोळ्यांपुढें धरून तोच उपचार घरीं करून पाहण्याची कल्पना तर कोणीं मनांतहि आणूं नये.

कोणी म्हणेल, लाल प्रकाशानें डोळे सुधारतात असें आम्हीं वाचलें आहे. तेंहि खोटें नाहीं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत प्रा. ग्लेन जेफरी यांनीं २०२० सालीं २४ माणसांवर ६७० नॅनोमीटरच्या प्रकाशाचा रोज तीन मिनिटें प्रयोग केला, व चाळिशी उलटलेल्यांची रंग ओळखण्याची शक्ति कांहींशी वाढल्याचें त्यांस आढळलें. नोव्हेंबर २०२४ मध्यें अमेरिकेच्या औषध-खात्यानें उतारवयांतील दृष्टिपटलाच्या कोरड्या झिजेवर एका प्रकाशयंत्रास परवानगीहि दिली. पण तीं यंत्रें मोजून दिलेल्या मात्रेचीं आहेत, आणि दुसरें तर नेत्रवैद्याच्या दवाखान्यांत चालवावयाचें आहे. वैद्याच्या खलांतील मात्रा आणि बाजारांतून आणलेली पुडी यांत जो भेद, तोच येथें.

यंत्र आधींच वापरांत असेल त्यांच्यासाठीं एक सोपी परीक्षा सांगतों. गणिताच्या चौकटीच्या वहींतील एक कोरें पान घेऊन त्याच्या मध्यभागीं ठिपका काढावा. जवळचा चष्मा असल्यास तो लावावा, एक डोळा हातानें झांकून दुसऱ्यानें ठिपक्याकडे पाहावें, आणि मग डोळा बदलावा. दोन्ही डोळे उघडे ठेवून हें करूं नये, कारण चांगला डोळा वाईटाची उणीव झांकून घेतो. रेषा वांकड्या दिसल्या, कांहीं चौकटी गळाल्या, किंवा उपचारानंतर प्रकाशाची छाया पुष्कळ वेळ नजरेपुढें तरंगत राहिली, तर त्याच दिवशीं यंत्र बंद करून नेत्रवैद्यांकडे जावें. जातांना यंत्राचें खोकें व त्यांतील माहितीपत्रक बरोबर न्यावें. लहरींची लांबी व दिव्यांची शक्ति त्यावरच छापलेली असते, आणि वैद्यांचा पहिला प्रश्न तोच असतो.